होडीचा ॲल्युमिनियम ट्रान्सम नव्यानं बांधताय? या चुका टाळा

मुंबईच्या किनाऱ्यावर लाकडाच्या आणि फायबरच्या होड्याच जास्त. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या होडीचा ट्रान्सम, म्हणजे आउटबोर्ड (होडीबाहेर लटकणारं) इंजिन अडकवायची मागची उभी भिंत, चिरला की काम ग्रिल आणि जिने जोडणाऱ्या वेल्डरकडे जातं. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली आणि नारळी पौर्णिमेला ती पाण्यात हवीच. या घाईत दर वर्षी त्याच चुका होतात.

पत्रा जाड केला म्हणजे ट्रान्सम मजबूत झाला, हा समज. याची गोष्ट ठरलेली असते. साडेचार मीटरची होडी, ४० एचपीचं इंजिन, ४ मिमीचा ट्रान्सम कोपऱ्यात चिरलेला. मालक ८ मिमीचा पत्रा आणतो, वेल्डर तो कडेनं जोडतो, काम दिसतंही देखणं. आत गसेट, म्हणजे ट्रान्समला तळाशी बांधणारा तिरका आधाराचा पत्रा, एकही नाही. काही फेऱ्यांतच वेल्डला लागून, बाजूच्या ३ मिमीच्या पत्र्यात चीर पडते. ती भरली की पुढची चीर बोटभर पलीकडे. मग वरून पट्टी मारतात, तर पट्टीच्या टोकाला फाटतं. शिव्या वेल्डरला बसतात, पण दोष त्याचा नसतो.

इंजिनचा पंखा खाली पुढे ढकलतो, इंजिनचं वजन मागे लोंबकळतं. दोन्ही मिळून ट्रान्समची वरची कड मागे खेचतात आणि इंजिन अडकवायच्या ब्रॅकेटचा खालचा भाग आत दाबतात. लाटेवर होडी आपटली की हाच जोर कित्येक पट होतो. तो तळाच्या कण्यांपर्यंत, म्हणजे तळाला लांबीत बसवलेल्या आधारपट्ट्यांपर्यंत, पोचवायला वाट नसेल, तर जाड आणि पातळ पत्रा जिथे भेटतात तिथेच तो फुटून निघणार. म्हणून पत्रा ५-६ मिमीचा पुरे, पण इंजिनच्या दोन्ही बाजूंना ५ मिमीचे दोन तिरके गसेट हवेतच. ते वरच्या कडेजवळून सुरू होऊन तळाच्या लांब कण्यांवर उतरले पाहिजेत. तळाशी त्यांची लांबी ट्रान्समच्या उंचीच्या दोन-तृतीयांश तरी ठेवा आणि टोक निमुळतं करा. नुसत्या तळाच्या पत्र्यावर टेकलेलं बोथट गसेट नवी चीर पाडतं. वरच्या कडेला उघडी धार न ठेवता चॅनेल (यू आकाराची पट्टी) बसवा.

सफाईत आणि ओलाव्यात केलेली हयगय. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरची ऑक्साइडची पापुद्र्यासारखी थर २०००च्याही वर. ती तशीच राहिली तर वरून चकचकीत टाका पडतो आणि आत जोडच नसतो. क्रम महत्त्वाचा: आधी ॲसिटोननं तेल पुसा, मगच स्टेनलेसच्या ब्रशनं घासा. उलटं केलं तर तेल पत्र्यात घासलं जातं. तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवा. लोखंडावर फिरलेला ब्रश कामाचा नाही. घासल्यावर लगेच वेल्ड करा, जेवून आल्यावर नाही.

जून-जुलैच्या हवेत पत्र्यावर न दिसणारा ओलावा असतोच. त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि गोठताना बारीक छिद्रं सोडतो. तो ओलावा वाळवायला गॅसची ज्योत फिरवू नका, ज्योत स्वतःच पाण्याची वाफ सोडते. हॉट एअर गननं हाताला कोमट लागेल इतकंच तापवा. वारा अडवायला चारी बाजूंनी ताडपत्री हवी, नाहीतर वेल्डला हवेपासून झाकणारा आर्गॉन वायू उडून जातो. आणि गॅस शुद्ध आर्गॉनच. लोखंडासाठी आणलेली आर्गॉन-सीओटूची बाटली इथे लावणं म्हणजे काम मुद्दाम बिघडवणं.

मुंबईच्या दारुखाना भंगारबाजारातून पत्रा आणू नका. मिश्रधातू कोणता हे बघून कळत नाही. ५०८३ हवा, खात्रीच्या दुकानातून, सर्टिफिकेटसह. त्याला वेल्डिंगची तार ५३५६ किंवा ५१८३. दुकानात सहज मिळणारी ४०४३ या पत्र्यावर ठिसूळ जोड देते.

स्लायडिंग खिडकीचे सेक्शन गसेट म्हणून वापरू नका. वेल्डच्या उष्णतेनं त्यांची ताकद जवळपास निम्मी होते.

एका कडेपासून सलग वेल्ड ओढत गेलात तर ट्रान्सम वाकणारच. आधी सगळीकडे टाके, मग आलटूनपालटून छोटे तुकडे. प्रत्येक टोकाचा खड्डा भरून थांबा, चीर तिथूनच सुरू होते.

बंद पोकळ पेटी वेल्ड करायच्या आधी हवा निघायला भोक पाडा. पेट्रोलची टाकी आणि आतला फोम आधी बाहेर, बॅटरीची तार सोडलेली.

ट्रान्समची उंची मध्यभागी मोजा, कोपऱ्यात नाही. ती इंजिनच्या शाफ्टवर, म्हणजे पंख्यापर्यंत खाली उतरणाऱ्या दांड्याच्या लांबीवर ठरते. शॉर्ट शाफ्टला ३८१ मिमी, लाँगला ५०८. पत्रा कापायच्या आधी इंजिनचा शाफ्ट मोजून घ्या.

आतली प्लायवूड पुन्हा घालणार असाल तर तांबेयुक्त औषध मारलेली नको, ती ॲल्युमिनियम खाते. साधी प्लायही सगळ्या कडांना आणि भोकांना इपॉक्सी लावल्याशिवाय बसवू नका. मागे तळावर तांब्याचा अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा) रंगही चालत नाही.

बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, नायलॉनच्या बुशात (नळीत), खाली मोठे वॉशर, भोकात पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात पितळी बोल्ट स्वस्त मिळाले म्हणून ते घेऊ नका, खाऱ्या पाण्यात त्याभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झडतो.

रंगाआधी बाहेरून जोडावर खडूची पूड पाण्यात कालवून लावा. वाळली की आतून रॉकेल लावा आणि अर्धा तास थांबा. खडूवर डाग उठला तर ती जागा वरवर भरू नका; ग्राइंडरनं पूर्ण खोदून काढा, रॉकेल ॲसिटोननं पुसा आणि पुन्हा जोडा. इंजिन चढवल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट आवळा आणि टॉर्च घेऊन गसेटची टोकं बघा.