जुन्या अठ्ठावीस इंची सायकलला ७०० सीची चाकं कशी बसवावीत

आजोबांची काळी दांड्याची सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात असेल, तर फ्रेम बहुधा ठणठणीत असते. गंजून जातात त्या रिम आणि तारा. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. आता नाशिक शहरात रोड सायकली इतक्या झाल्यात की ७०० सीची, म्हणजे त्या सायकलींच्या मापाची, वापरलेली चाकंही शोधली तर मिळतात. ती या फ्रेमला बसतात. अडतं ते ब्रेकपाशी.

आधी टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा. जुन्या टायरवर ‘२८ × १ १/२’ आणि शेजारी ‘४०-६३५’ असं असतं. ६३५ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ७०० सीचा हाच आकडा ६२२. घोळ असा की कित्येक ७०० सी टायरांवरही ‘२८’ छापलेलं असतं, म्हणून दुकानात इंचात बोलूच नका.

मग चाक काढून पुढच्या चिमट्याच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कच्या, दोन टोकांमधलं अंतर मोजा, तसंच मागेही. नवा पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, १०० मिमी रुंदीचा असतो, गिअरचा मागचा १३० किंवा १३५. जुनी फ्रेम याहून बरीच अरुंद निघते. लोखंड असल्याने थोडं फाकवता येतं, पण ते जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या. माझ्या मते गिअरचा नादच सोडावा आणि सिंगल स्पीडचा अरुंद हब घ्यावा. जुनाच हब वापरायचा विचार असेल तर तारांची भोकं मोजा: पुढे ३२, मागे ४० असतात, आणि ४० भोकांची ७०० सी रिम सहसा मिळत नाही.

आता ब्रेक. जुन्या सायकलचे सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला, तारांच्या अंगाने, रबर वर ओढतात. ७०० सीच्या रिमला रबर बाजूने दाबावं लागतं, म्हणून सळया काढून केबलचा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक, लावायचा. चाक बसवा, चिमट्याच्या डोक्यावरच्या भोकापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत पट्टी धरा. आलेला आकडा लिहून घेऊन तेवढ्या पोहोचीचा कॅलिपर मागा. नेहमीचे रोड कॅलिपर आखूड पडतात. लांब पोहोचीचेही ७३ मिमीच्या आसपास थांबतात. त्याहून जास्त अंतर असेल तर पुढे ड्रम ब्रेकचा हब (ब्रेक हबच्या आतच असतो) घ्या आणि मागे कोस्टर हब, म्हणजे पेडल उलटं दाबलं की ब्रेक. अॅल्युमिनियमची रिम मात्र नक्की घ्या. पावसाळ्यात त्र्यंबक रोडला ओली लोखंडी रिम ब्रेकला दाद देत नाही.

टायर ३८ मिमी रुंदीचा निवडा. २८ चा घातला तर सायकल सुमारे १८ मिमी खाली बसते आणि वळणावर पेडल रस्त्याला घासतं. ३८ च्या टायरला हा फरक आठ-नऊ मिमीवर येतो. मडगार्ड थोडे खाली आणावे लागतील, त्यात विशेष काही नाही.

शेवटी चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या, एक्सलचे नट घट्ट करा आणि गोल्फ क्लब मैदानाभोवती सकाळी चार-दोन फेऱ्या मारा. दोन्ही ब्रेक जोरात दाबून बघा. आठवडाभराने तारा पुन्हा ताणून घ्या. नव्या तारा थोड्या सैल पडतातच.