लूपवर फुंकर मारू नका

मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला मुलं स्ट्रीक करायला, म्हणजे जंतूंचं मिश्रण प्लेटवर रेघांनी पसरून एकेक जात वेगळी करायला आली, की मी आधी पंखा बंद करते. एप्रिलमध्ये सगळे कुरकुरतात, पण वाऱ्याबरोबर धूळ फिरते आणि धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू. उघड्या प्लेटवर बसायला त्यांना क्षणही पुरतो.

टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसा. शुद्ध अल्कोहोल जास्त चांगलं नाही का, हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही. जंतूंची प्रथिनं मोडायला सोबत पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जातं. हातांना लावलं असेल तर ते पूर्ण सुकल्यावरच बर्नर पेटवा, बाटलीही लांब ठेवा. नाव-तारीख प्लेटच्या तळाला लिहा. झाकणं अदलाबदल होतात.

आता लूप, म्हणजे जंतू उचलायची, टोकाला कडं असलेली तार. नुसतं टोक नव्हे, अख्खी तार लालभडक व्हायला हवी. मग थांबायचं, मनात पंधरापर्यंत मोजायचं. इथेच घाई नडते. तापलेला लूप कल्चरमध्ये (वाढवलेल्या जंतूंच्या द्रवात) बुडवला की चर्र आवाज येतो, जंतू मरतात आणि बारीक थेंब हवेत उडतात. चहासारखी फुंकर मारणारे दरवर्षी दोन-तीन निघतातच. तोंडातले जंतू फुकटात! शंका असेल तर लूप प्लेटमधल्या आगरच्या (जंतू वाढतात त्या जेलीच्या) कोऱ्या कडेला टेकवून बघा.

ट्यूबचं बूच करंगळीत धरा, टेबलावर ठेवू नका. ट्यूबचं तोंड ज्योतीतून फिरवा, लूपभर कल्चर घ्या, तोंड पुन्हा फिरवा, बूच लावा. प्लेटचं झाकण लूप जाईल इतकंच उचला, तेही बर्नरजवळ.

प्लेटचे मनात चार भाग करा. पहिल्या भागात लूपने दाट रेघा ओढा. लूप जाळा, थंड करा. पहिल्या रेघांना एक-दोनदाच स्पर्श करून दुसऱ्या भागात जा. पुन्हा जाळा. असंच तिसरा, चौथा. चौथा पहिल्याला भिडता कामा नये. एस.वाय.ला असताना मी मधलं जाळणं कंटाळून सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी प्लेटभर साय धरल्यासारखी वाढ, सुटी कॉलनी (जंतूंचा वेगळा ठिपका) एकही नाही. दर टप्प्याला जंतू कमी होत गेले तरच शेवटी एकेकटी पेशी पडते आणि तिची वेगळी कॉलनी होते.

कल्चर लागलेला लूप एकदम ज्योतीच्या तापलेल्या भागात घातला तर कल्चर तडतडून उडतं. आधी आतल्या निळ्या शंकूत सुकवा, मग वर न्या.

प्लेट उलटी करून ३७ अंशांना २४ तास ठेवा. सुलटी ठेवली तर झाकणावरचं पाणी ठिबकून कॉलन्या एकमेकींत मिसळतात.

आम्ही ई. कोलाय आणि बॅसिलस सबटिलिस या दोन जंतूंचं मिश्रण देतो. पहिल्याच्या कॉलन्या गुळगुळीत, चकचकीत. दुसऱ्याच्या कोरड्या, खरबरीत. रेघांच्या बाहेर काही उगवलं असेल तर तो बहुतेक हवेतला पाहुणा. हवी ती एक सुटी कॉलनी उचलून नव्या प्लेटवर पुन्हा स्ट्रीक करा. एका स्ट्रीकवर शुद्ध कल्चर मिळालं असं मी धरत नाही. जुनी प्लेट बेसिनमध्ये धुवायची नाही. ती आधी १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या भांड्यात) जाते.