सुरय ओळखायचा तर चोच बघा

किनाऱ्यावर पांढरं-राखाडी काही उडालं की आपण ‘सीगल’ म्हणून मोकळे होतो. माझ्या वहीतही पहिली दोन वर्षं तीच नोंद आहे. मग एका ओहोटीला खडकावर बसून तासभर एकाच पक्ष्यामागे दुर्बीण फिरवली, आणि दिसलं की हा सीगल नाही, सुरय (इंग्रजीत ‘टर्न’) नावाचा दुसराच किनारपक्षी आहे; हा उडताना चोच सरळ पाण्याकडे रोखून धरतो. सीगल, म्हणजे कुरव, समोर बघत उडतो आणि पाण्यावर निवांत तरंगत बसतो. सुरय पाण्यावर फारसा बसत नाही. पंख लांब, टोकदार, शेपटी दुभंगलेली.

सुरय आहे हे ठरलं की मग कोणता, ते चोचीच्या रंगावरून. मोठ्या तुरेवाल्या सुरयाची चोच पिवळी, किंचित हिरवट झाक असलेली. छोट्या तुरेवाल्याची नारिंगी. कॅस्पियन सुरयाची जाड आणि लालभडक. गाजर धरल्यासारखी दिसते. डोक्यावरच्या काळ्या टोपीवर भिस्त ठेवू नका. विणीचा हंगाम सरला की कपाळ पांढरं पडतं आणि काळा रंग मागच्या बाजूलाच उरतो. संध्याकाळच्या उन्हात पिवळी चोचही नारिंगी भासते, म्हणून मी सूर्य पाठीशी घेऊनच रंग लिहिते.

आता शिकार बघा, खरी मजा तिथे आहे. पक्षी हवेत पंख फडफडवत क्षणभर एका जागी थांबतो, पंख आवळतो आणि सूर मारतो. मासा बहुतेकदा वर येताच, उडता उडताच गिळतो. न गिळता चोचीत आडवा धरून निघाला, तर नजर हलवू नका: तो जोडीदारासाठी किंवा पिल्लासाठी चाललाय. उडायला लागलेली पिल्लंसुद्धा कित्येक आठवडे आईबापांच्या मागे ओरडत फिरतात. पाठीवर तपकिरी ठिपके, मान आखडलेली, चोच उघडी, की ते पिल्लूच.

वाळूवर बसलेला थवा वाऱ्याकडे तोंड करून असतो. विणीच्या काळात तिथे जाऊच नका. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, त्यात तुरेवाल्यांचं बहुधा एकच अंडं. थवा उठला की ते उन्हात उघडं पडतं आणि कुरव टपलेलेच असतात. एरवीही थव्यातल्या माना ताठ झाल्या की जागीच खाली बसा, आणि त्यांनी पुन्हा पाठीत चोच खुपसेपर्यंत हलू नका.