म्हाताऱ्या मांजराची औषधं सांभाळताना
मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह असे दोन-तीन आजार एकदम असले की औषधांचा गोंधळ होतोच. फ्रिजवर एक कागद लावा आणि औषध दिल्या दिल्या खूण करा. घरात दोघं औषध देत असतील तर हे फारच गरजेचं. इन्सुलिन टोचलं की नाही अशी शंका आली, तर पुन्हा टोचू नका; एखादा डोस चुकलेला परवडतो, दुप्पट झालेला जिवावर बेततो. गोळी कोरडी गिळवू नका. ती अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक तर विशेषच. मागोमाग सिरिंजने ५-६ मिली पाणी गालाच्या बाजूने, अगदी हळूहळू द्या. मूत्रपिंडाच्या आजारात देतात ती फॉस्फरस बांधणारी (म्हणजे अन्नातला फॉस्फरस शरीरात शोषू न देणारी) पावडर मात्र जेवणातच मिसळायची. आणि पॅरासिटामॉल कधीच नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही!