साके: चाखायची कशी, घ्यायची कुठून, ठेवायची कुठे

साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या, बाटल्यांसमोर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा दोनच गोष्टी पाहतो, किंमत आणि बाटलीचं रूप. लेबल वाचता येत नाही, दुकानदाराला काय विचारावं ते सुचत नाही, मग महाग ती चांगली असं धरून एक बाटली उचलली जाते आणि खास प्रसंगासाठी म्हणून कपाटात वर्षभर पडून राहते. साकेच्या बाबतीत ही सवय अगदी नडते. ही मुख्यतः ताजी पिण्याची गोष्ट आहे. बाटली कारखान्यातून निघाल्यावर कुठे राहिली, किती दिवस राहिली, तिच्यावर किती उजेड पडला, यावर तिची चव ठरते. त्यामुळे बाटलीइतकंच दुकानाकडेही पाहायला शिकावं लागतं.

साके बनते तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट यांपासून. द्राक्षांत साखर आयती असते, तांदळात ती नसते. वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली कोजी स्टार्चची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल. ही दोन्ही कामं एकाच टाकीत एकाच वेळी चालतात, म्हणून ऊर्ध्वपातन न करताही अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. बाटलीत भरण्याआधी बहुतेक वेळा पाणी घालून ते 15-16 टक्क्यांवर आणतात. पाणी न घातलेली असेल तर तिला गेन्शू म्हणतात. ती गोड लागते, पटकन संपते आणि मग चढते.

आधी चार नावं पाठ करा

टेस्टिंगला जाण्यापूर्वी एवढा अभ्यास पुरतो. जुनमाई म्हणजे वरच्या चार घटकांपलीकडे काहीही न घातलेली. होन्जोझोमध्ये थोडं शुद्ध अल्कोहोल मिसळलेलं असतं. गिंजो आणि दाइगिंजो ही नावं तांदूळ किती घासला यावरून येतात. तांदळाच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जास्त असतात. ते घासून काढले की चव हलकी, नितळ होते. लेबलवरचा टक्का हा घासून उरलेल्या दाण्याचा असतो, काढून टाकलेल्या भागाचा नव्हे. गिंजोसाठी 60 टक्के किंवा त्याहून कमी उरायला हवा, दाइगिंजोसाठी 50 टक्के किंवा त्याहून कमी, होन्जोझोसाठी 70. जुनमाईला 2004 पासून अशी मर्यादाच नाही. जुनमाई आणि गिंजो हे शब्द एकत्रही येतात. जुनमाई दाइगिंजो म्हणजे बाहेरचं अल्कोहोल नाही आणि दाणा निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही जास्त घासलेला.

ही दर्जाची शिडी नाही. ज्याला फळांसारखा वास आणि थंडगार, हलका घोट हवा त्याने गिंजोकडे वळावं. ज्याला तांदळाची भरदार चव, थोडा आंबटपणा आणि जेवणासोबत चालेल असं काही हवं, त्याला साधी जुनमाई अनेकदा जास्त आवडते, आणि ती स्वस्तही पडते. मिसळलेलं अल्कोहोल म्हणजे भेसळ, हाही एक गैरसमज. गिंजोमध्ये ते वास खुलवण्यासाठी घालतात आणि या वर्गातल्या साकेत त्याचं प्रमाण तांदळाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपुरतं मर्यादित असतं. या सगळ्या वर्गांच्या बाहेर रोजच्या पिण्याची फुत्सुशू असते. जपानमध्ये बनणाऱ्या साकेपैकी निम्म्याहून जास्त तीच.

टेस्टिंगला जा, पण जोड्या लावून चाखा

साके ठेवणारी दुकानं, जपानी रेस्टॉरंट आणि आयातदार अधूनमधून टेस्टिंग ठेवतात. 1 ऑक्टोबर हा जपानमध्ये 1978 पासून साके दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या मागेपुढे चौकशी करून पाहायला हरकत नाही. जपानला जाणार असाल तर हिरोशिमाजवळच्या साइजो गावातला ऑक्टोबरचा साके महोत्सव किंवा निइगाताचा साके नो जिन गाठता आला तर पाहा. महोत्सवाची तारीख जुळत नसेल तर निइगाता प्रांतातल्या एचिगो-युझावा स्टेशनातच एक जागा आहे. भिंतीला लावलेल्या यंत्रांत टोकन टाकायचं, छोटा पेला खाली धरायचा आणि त्या प्रांतातल्या कारखान्यांची साके एकेक घोट चाखत जायची.

टेस्टिंगमध्ये पंधरा बाटल्या चाखून बाहेर पडलेल्या माणसाच्या लक्षात एकही राहत नाही. चार-पाचच घ्या आणि त्या जोडीने मागा. एकाच कारखान्याची जुनमाई आणि दाइगिंजो शेजारी ठेवली की घासण्याने काय बदलतं ते पाच मिनिटांत कळतं. दुसरी चांगली जोडी म्हणजे नेहमीच्या पद्धतीची एक आणि किमोतो किंवा यामाहाई पद्धतीची एक. या दोन पद्धतींत यीस्टला नको त्या जंतूंपासून वाचवणारं लॅक्टिक आम्ल बाहेरून न घालता टाकीतल्या जिवाणूंकडूनच तयार होऊ देतात. वेळ जास्त लागतो आणि चवीत आंबटपणा, खोली आणि थोडा रांगडेपणा येतो. तिसरी जोडी तांदळाची: ह्योगोची यामादा निशिकी आणि निइगाताची गोह्याकुमानगोकू. पहिलीची साके सहसा भरीव आणि गोलाई असलेली, दुसरीची सडपातळ.

हलकी आणि सुगंधी आधी, भरदार नंतर, गढूळ निगोरी आणि मुरवलेली कोशू अगदी शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर गिंजो पाण्यासारखी लागेल. त्या दिवशी अत्तर लावू नका. स्वतःच्या मनगटाचाच वास पेल्यात येत राहतो आणि शेजारच्यालाही त्रास होतो. थुंकायला भांडं ठेवलेलं असेल तर ते बिनदिक्कत वापरा, जाणकारही वापरतात. प्रत्येक दोन पेल्यांमध्ये पाणी प्या. जपानीत साकेसोबतच्या पाण्याला यावारागी-मिझू असं खास नावच आहे.

पांढऱ्या चिनी मातीचा पेला मिळाला तर त्याच्या तळाशी पाहा. निळ्या रंगात दोन वर्तुळं, एकात एक, काढलेली असतात. ती नक्षी नाही. पांढऱ्या भागावर साकेचा रंग दिसतो आणि निळ्या कडेवर तिची नितळता. कडा धारदार दिसली तर साके स्वच्छ, धूसर दिसली तर तिच्यात काही तरंगतं आहे. रंग पूर्ण बिनरंगी असलाच पाहिजे असं नाही. हलकी पिवळट झाक कोळशाने फारशी न गाळलेल्या साकेत नेहमीच असते.

जी आवडेल ती थोडी कोमट करून मिळेल का, असं विचारा. गरम साके म्हणजे हलक्या प्रतीची, ही समजूत सोडून द्यावी. 40 अंशांच्या आसपासच्या साकेला नुरुकान म्हणतात, 50 अंशांच्या आसपासच्या साकेला आत्सुकान. किमोतो जुनमाई थंड असताना आखडलेली वाटते आणि 40-45 अंशांवर अशी काही मोकळी होते की तीच बाटली आहे यावर विश्वास बसत नाही. सुगंधी दाइगिंजोचं मात्र उलट होतं. तापवली की तिचा वास उडतो.

आवडलेल्या प्रत्येक बाटलीच्या लेबलचा पुढून आणि मागून फोटो काढा. नाव लक्षात राहणार नाही. फोटोखाली दोन शब्द लिहा, आपल्या भाषेतले: आंबट, केळ्याचा वास, जड, पुन्हा घ्यावी. दुकानात हेच कामाला येतं.

दुकानात शिरल्यावर

बाटल्यांआधी त्या कुठे ठेवल्या आहेत ते पाहा. सगळी साके दिव्यांच्या झोतात, खिडकीशी, उबदार फळीवर मांडलेली असेल तर तिथून महागडी गिंजो घेऊ नका, लेबल कितीही छान असो. साकेला उजेड सोसत नाही. ऊन आणि अतिनील किरणांनी तिला एक जळकट, कुबट वास येतो. उष्णतेने ती पिवळी पडते आणि सोया सॉस किंवा सुकवलेल्या भाज्यांच्या अंगाने जाणारा वास धरते. या जुनाट वासाला हिनेका म्हणतात. चांगल्या दुकानात निदान गिंजो आणि नामा तरी फ्रीजमध्ये असतात.

नामा म्हणजे पाश्चरीकरण न केलेली साके. एरवी साके दोनदा 60-65 अंशांवर तापवतात, एकदा साठवण्याआधी आणि एकदा बाटलीत भरताना. नामा एकदाही तापवलेली नसते. चव टवटवीत, कधी जिभेवर किंचित चुरचुरणारी, पण ती कायम 5 अंशांच्या खाली ठेवावी लागते. लेबलवर ती ओळखणं सोपं आहे: तीन आडव्या रेघा, त्यांना मधून छेदणारी एक उभी रेघ आणि डावीकडे वर एक छोटी तिरकी रेघ. हे अक्षर ठळक दिसलं आणि बाटली उघड्या फळीवर असली, तर ती सवलतीत मिळाली तरी सोडून द्या. जुनमाईसाठीही एक खूण आहे. हा शब्द दोन जपानी अक्षरांत लिहितात, त्यातलं दुसरं तारकाचिन्हासारखं दिसतं, अधिकचं चिन्ह आणि त्याच्या चारी कोपऱ्यांत छोट्या रेघा. ते तांदळाचं अक्षर.

मग तारीख. जपानमध्ये साकेवर शेवटची मुदत छापण्याची सक्ती नाही. छापलेला महिना असतो तो साधारणपणे बाटली भरल्याचा किंवा कारखान्यातून बाहेर पडल्याचा. जानेवारी 2023 पासून तोही ऐच्छिक झाला आहे, पण बरेच कारखाने अजून छापतात. कधी तो 2024.11 असा असतो, कधी नुसता 6.11. दुसऱ्या प्रकारात वर्ष रेइवा या जपानी कालगणनेतलं आहे. त्यात 18 मिळवा, 6 चे 24 होतात, म्हणजे नोव्हेंबर 2024. साधी पाश्चरीकृत साके त्या तारखेपासून वर्षभरात, गिंजो त्याहून थोडी आधी आणि नामा काही महिन्यांत संपवावी, हा ढोबळ हिशेब. मुरवलेल्या कोशूला तो लागू नाही.

लेबलवर अधिक-उणे आकडा दिसतो तो निहोनशू-दो. अधिक असेल तर कोरडी, उणे असेल तर गोड, असं सांगतात. तो आकडा मोजतो फक्त घनता. आम्लता जास्त असेल तर गोड साकेही कोरडी लागते, म्हणून त्याच्यावर फार विसंबू नका.

दुकानदाराला "चांगली कोणती" असं विचारलं तर तो त्याला विकायची असेल ती देईल. फोटो दाखवा आणि "याच्या जवळची, पण कमी गोड" असं म्हणा. माल केव्हा आला, फ्रीजमध्येच होता का, हेही विचारा. सांगायला कचरणारा दुकानदार असेल तर दुसरं दुकान बघा. नवीन नावाची 300 मिलीची बाटली मिळाली तर ती घ्या, नाही तर 720 ची. 1800 मिलीची मोठी बाटली घरात पिणारी माणसं भरपूर असतील तरच.

घरी आणल्यावर

बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली की साके झाकणाला लागते आणि हवेशी तिचा संपर्कही वाढतो. वाइनसारखं बूच ओलं ठेवण्याचा प्रश्न इथे नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर दार उघडल्यावर लागणाऱ्या दिव्यापासूनही ती वाचते. जागा कमी असेल तर नामाला पहिला मान, मग गिंजो. पाश्चरीकृत जुनमाई आणि होन्जोझो थंड, अंधाऱ्या, तापमान फारसं न बदलणाऱ्या जागी चालतात. शेगडीजवळचं कपाट त्यात बसत नाही. गोठवू नका.

बुडबुडे असलेली, जिवंत यीस्टची निगोरी वेगळीच काळजी मागते. ती हलवून उघडली तर निम्मी ओट्यावर जाते. नीट गार करा, झाकण किंचित फिरवा, फेस वर येताना दिसला की पुन्हा बंद करा, खाली बसला की परत फिरवा. असं अनेकदा करावं लागतं. घाई केली की फडकं शोधावं लागतं.

उघडलेली बाटली फ्रीजमध्येच. गिंजोचा वास पहिल्या काही दिवसांतच उतरायला लागतो, म्हणून ती आठवड्यात संपवा. भरदार जुनमाई दोन आठवडे सहज निभावते आणि किमोतो तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कधी जास्त चांगली लागते. उरलेली साके लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर हवा कमी लागते.

जुनी झालेली साके सहसा धोक्याची नसते, फक्त बेचव होते. हिनेका हलका असेल तर ती गरम करून पाहा, पुष्कळदा पिण्याजोगी होते. नसेल तर स्वयंपाकात वापरा. पण नितळ असलेली साके दुधाळ, गढूळ झाली आणि आंबूस वास आला, तर तो जिवाणूंचा प्रताप असतो. जपानी कारखानदार त्याला हिओची म्हणतात. ती बाटली मोरीत ओता.