गावाचा डोंगर राखायचा तर सुरुवात शिवारातून: मराठवाड्यातील गावांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यातील जंगल पानझडी आहे. बालाघाटच्या उतारांवर, अजिंठ्याच्या रांगेत आणि किनवट-माहूरच्या सागवानी पट्ट्यात उन्हाळा लागला की धावडा, सालई, मोई आणि पळस पाने टाकतात आणि लांबून पाहणाऱ्याला सारा डोंगर ओसाड भासतो. वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, तोही लहरी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही झाडे अशीच तगतात. म्हणून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील धुक्यातल्या सदाहरित रानांसाठी योग्य असलेली पद्धत येथे उचलून आणू नये. आपल्याकडे राखायचे आहे ते खुरटे झाड, काटेरी झुडूप आणि गवत, आणि या तिघांवर सर्वांत मोठा ताण आहे तो उपाशी जनावरांचा.

त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी चराईबंदीचा ठराव आणि मग चाऱ्याचा विचार, असे केले तर ठराव पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो, कारण दावणीला बांधलेली जनावरे जगवण्यासाठी माणूस रात्रीसुद्धा डोंगरात जातो आणि त्याला दोष देता येत नाही. ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन वाढले, तेव्हा घरात पैसा आला, पण गंजीला लागणारा कडबा गेला. सोयाबीनच्या गुळीवर आणि भुसकटावर जनावरांचे वर्ष निघत नाही. यासाठी प्रत्येक कुटुंबाने रब्बीत आपल्या जनावरांपुरती तरी ज्वारी पेरावी. मालदांडीसारख्या उंच वाढणाऱ्या वाणाचा कडबा आजही सर्वांत भरवशाचा आहे. कडबा अख्खा टाकल्यास बराचसा पायदळी जातो, म्हणून दहा-पंधरा घरांत मिळून एक कडबाकुट्टी यंत्र घ्यावे आणि कुट्टी करूनच घालावा. बांधावर शेवरी, हादगा आणि शेवगा लावल्यास हिरवा पालाही मिळतो. जळणाचेही तसेच आहे. तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळलेल्या काटक्या, बांधावर पेटवून देण्याऐवजी घरी आणल्या, तर डोंगरावर कुऱ्हाड घेऊन जाण्याची गरज पुष्कळ कमी होते.

चाऱ्याची ही तजवीज सुरू असतानाच जमिनीचे कागद पाहावेत. तलाठी कार्यालयातून गाव नकाशा व सातबारा घेऊन डोंगराचा कोणता भाग वन विभागाचा, कोणता गायरान आणि कोणता खासगी, हे नकाशावर रंगाने दाखवावे, कारण तिन्हींचे नियम वेगळे आहेत. वन विभागाच्या जमिनीवर खोदकाम किंवा लागवड करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या वनावर अवलंबून असलेल्या पात्र गावांना २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक हक्काचा दावा करता येतो, आणि त्यात वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही येतो. किनवट-माहूर भागातील आदिवासी गावांनी हा मार्ग अवश्य धरावा. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश दिले, हे खरे आहे. परंतु मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबांच्या जगण्याशी जोडलेला आहे आणि जुनी वहिवाट नियमानुकूल करण्याचे शासन निर्णयही झालेले आहेत. म्हणून जी कुटुंबे तेथे वर्षानुवर्षे कसत आहेत, त्यांचे क्षेत्र नकाशावर आधी दाखवावे, त्यांच्याशी बोलावे आणि उरलेल्या भागाचे नियोजन करावे. गरिबाला उठवून राखलेला डोंगर गाव मनापासून राखत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रामसभेची तारीख निवडताना ऊसतोडीचा हंगाम ध्यानात घ्यावा. बीड आणि आसपासच्या भागांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, त्यामुळे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेतला तर ज्यांच्या शेळ्या डोंगरावर चरतात तीच माणसे गैरहजर असतात. १५ ऑगस्टची ग्रामसभा यासाठी सर्वांत योग्य आहे. शेळ्या बहुधा बायकाच सांभाळतात, म्हणून महिलांची सभा आधी घेऊन त्यांनी सुचवलेले नियम मुख्य सभेत मांडावेत. दरवर्षी मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगर बांधवांनाही निरोप पाठवून त्यांच्यासाठी वाट आणि मुक्कामाची जागा ठरवावी.

सगळे गायरान एकाच वेळी बंद करू नये. त्याचे तीन भाग पाडून पहिला भाग तीन पावसाळे बंद ठेवावा व इतर दोन चराईसाठी मोकळे राहू द्यावेत. बंद भागातील गवत कापून नेण्यास मुभा असावी, मात्र तेथे जनावर सोडू नये. पवना आणि मारवेल ही चांगली गवते टिकवायची असतील, तर दरवर्षी बंद भागातील एक पट्टा बी पिकून गळेपर्यंत न कापता सोडावा. भाऱ्याचा दर ग्रामसभेने ठरवावा आणि त्या पैशातून राखणदाराची मजुरी द्यावी. भूमिहीन कुटुंबांकडून दर घेऊ नये.

पाणी व माती अडवण्याचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे. जालना तालुक्यातील कडवंचीने १९९६ पासून केलेल्या पाणलोटाच्या कामात हाच क्रम पाळला होता. समतल चर म्हणजे उतारावर एकाच पातळीत आडवा खोदलेला चर, त्याची आखणी गावालाच करता येते. सुमारे सहा फूट लांबीच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधाव्यात, खालची टोके फाकवून मध्ये एक आडवी काठी पक्की करावी आणि वरच्या गाठीपासून दोरीला दगड बांधून सोडावा. ही चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जेथे टेकते तेथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर पुन्हा उभी करून दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली, की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे. उतारावर एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली सरकवत पातळी मिळवावी, तेथे दगड ठेवावा आणि असेच पुढे जावे. दगडांच्या या रेषेवर दोन फूट रुंद व एक फूट खोल चर खोदून माती खालच्या बाजूला टाकावी. मात्र जेथे गवत दाट आहे तेथे चर किंवा खड्डा अजिबात खोदू नये. तो माळ लांडगा, खोकड आणि काळविटाचे घर आहे, आणि पाणी मुरवण्याचे काम ते गवत आधीच करत असते.

रोपवाटिकेतील रोपांपेक्षा चराच्या भरावावर बी टोकणे स्वस्त पडते आणि अशी झाडे दुष्काळात अधिक तग धरतात. बाभळीचे बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करावे. उन्हाळ्यात शेळ्या शेंगा खातात आणि रवंथ करताना टणक बी बाहेर टाकतात, ते लवकर उगवते. कडुनिंबाचे बी फार काळ टिकत नाही, म्हणून निंबोळ्या गोळा केल्यावर काही दिवसांतच पेरावे. सीताफळाची पाने शेळ्या खात नाहीत, त्यामुळे बालाघाटावर हे झाड स्वतःच पसरलेले आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. फळे उतरवताना फांद्या मोडू नयेत आणि तोडणीचा पहिला दिवस गावाने ठरवावा, एवढे दोन नियम पुरेत. गिरिपुष्प आणि वेडी बाभूळ लावू नये.

वणव्यासाठी डिसेंबर-जानेवारीतच बंद भागाच्या कडेने सुमारे दहा फूट रुंदीचा पट्टा गवत काढून मोकळा करावा. जाळल्याने गवत चांगले येते ही समजूत पुष्कळ ठिकाणी आहे, पण वारंवार आग लागलेल्या माळावर कुसळी हे गवतच वाढते आणि कुसळे धरल्यावर ती जनावरे खात नाहीत. गावातील बरीच तरणी माणसे ऊसतोडीला गेलेली असतात, म्हणून मागे राहणाऱ्यांपैकी कोणी धावून जायचे हे नावानिशी ठरलेले असावे.

शिवारात सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात, म्हणजे पावसाने दगा दिला तरी एक पीक हाती लागते आणि जळणाला तुराट्याही मिळतात. शक्य असेल तेथे पेरणी रुंद वरंबा-सरीवर करावी. रसशोषक किडींसाठी पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात मिसळून फवारावी. नवे बोअर आणि उसाचे क्षेत्र यांवर मर्यादा घालणे सर्वांत अवघड असते, पण डोंगरावर मुरलेले पाणी चार शेतांनी उपसले तर उरलेले गाव राखणीतून अंग काढून घेते. दरवर्षी दिवाळीपूर्वी विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि रब्बीचे पीक त्यावरून ठरवावे.

या सगळ्याची एक वही ठेवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे, त्याच नोंदवहीला ही वही जोडता येते. बंद भागातून किती भारे निघाले, कोणती झाडे आपोआप उगवली, वणवा कोठे लागला आणि मे महिन्यात कोणत्या विहिरीला किती परस (पुरुषभर खोलीचे माप) पाणी होते, एवढ्या नोंदी शाळेतील मुलेसुद्धा करू शकतात. तीन वर्षांनी पहिला भाग चराईला खुला करायचा की आणखी एक पावसाळा थांबायचे, हे ग्रामसभेने याच नोंदी वाचून ठरवावे.