ब्रिस्टलला नवीन आलात? मग सायडर हाफच मागा

दर सप्टेंबरात इंग्लंडमधल्या या ब्रिस्टल शहरात आपल्या मराठी पोरांची नवीन बॅच येते, कोणी युनिव्हर्सिटीत, कोणी हॉस्पिटलात, कोणी आयटीत, आणि महिनाभरात मला तोच फोन येतो, "दादा, ऑफिसवाले शुक्रवारी पबला चला म्हणतायत, जाऊ का? आणि गेलो तर मागू काय?" आता दरवेळी फोनवर तासभर तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहूनच काढतोय.

पहिलं म्हणजे जा. पब म्हणजे आपला परमिट रूम नाही, जिथं अंधार, कोपऱ्यातलं टेबल, आणि ओळखीचं कोणी दिसलं की मान खाली. इथं दुपारी आजीबाई क्रॉसवर्ड सोडवत बसलेल्या असतात, टेबलाखाली कुत्रं झोपलेलं असतं, रविवारी अख्खं कुटुंब लेकराबाळांसकट जेवायला येतं. आणि पिणं कंपल्सरी अजिबात नाही. लाइम सोडा मागा, कोणी ढुंकूनही बघत नाही. आपल्याकडे "अरे एक घे रे, माझ्यासाठी घे" असा जो आग्रह चालतो ना, तो मला तरी इथं कधी कोणी केला नाही.

बहुतेक पबात वेटर टेबलापाशी येत नाही, काउंटरवर जायचं, तिथंच मागायचं, तिथंच पैसे द्यायचे. काउंटरसमोर लाइन दिसत नाही पण ती असते, सगळ्यांच्या डोक्यात. आपल्या आधी कोण आलं होतं हे लक्षात ठेवायचं आणि बारवाल्यानं चुकून आपल्याला आधी विचारलं तर "यांचा नंबर आहे" म्हणायचं. चुटकी वाजवणं, नोट हलवणं, "ओ बॉस" असलं काही करू नका, रात्रभर तहानलेले राहाल. टिपही कोणी ठेवत नाही.

आता राउंड. हे नीट समजून घ्या कारण आपल्या लोकांचं नाव इथंच खराब होतं. पाच जण गेलात तर आपापलं घ्यायचं नसतं, एक जण पाचांचं आणतो, मग दुसरा पाचांचं, असं फिरत जातं. आपली पाळी यायच्या आधी "मला उद्या लवकर उठायचंय" म्हणून सटकणारा माणूस लोकांच्या कायमचा लक्षात राहतो, तोंडावर कोणी काही बोलत नाही पण राहतो. पाच प्यायची ताकद किंवा इच्छा नसेल तर सुरुवातीलाच सांगा की मी माझं माझं घेतो, चालतं. किंवा राउंडमध्ये राहा आणि प्रत्येक वेळी हाफ सांगा. फक्त लाइम सोडा पिणाऱ्यानंही पाळी आली की सगळ्यांचं आणायचं. हिशेबानं तोटा आहे, मान्य आहे, पण ऑफिसात नवीन असताना ओळखी कराव्याच लागतात.

आणि इथंच माझा खरा मुद्दा येतो, हाफ मागायला लाजू नका. पाइंट म्हणजे ५६८ मिली, हाफ म्हणजे २८४. कायद्यानं एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश पाइंटही देता येतो पण सगळीकडे तसे ग्लास नसतात. आपल्या डोक्यात ६५० मिलीची बाटली बसलेली असते, त्यामुळं पाइंट म्हणजे काय, त्याच्याहून कमीच की, असं वाटतं. बिअरच्या बाबतीत ठीक आहे, कारण इथली नेहमीची बिटर नावाची बिअर साडेतीन-चार टक्के अल्कोहोलची असते, आपल्याकडच्या स्ट्राँगच्या निम्मी. पण सायडरला, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूला, हा हिशेब लावलात की मेलात.

माझंच सांगतो. मी २०११ मध्ये साताऱ्याहून आलो, ऑक्टोबरात टीम एका गावाकडच्या पबात घेऊन गेली. काउंटरवर पुठ्ठ्याच्या खोक्याला नळ लावलेला, त्यातून गढूळ पिवळं काहीतरी येत होतं, फेस नाही, गॅस नाही, सफरचंदाचा वास. मला वाटलं ज्यूस आहे, थोडा आंबलेला. तीन पाइंट घेतले, गप्पा मारत, एकदम शुद्धीत. मग उठायला गेलो तर डोकं जागेवर आणि पाय दुसऱ्याच कोणाचे. टॅक्सीत घालून घरी पाठवलं. सोमवारी माझ्या डेस्कवर ॲपल ज्यूसचं एक लिटरचं खोकं ठेवलेलं होतं, कोणी ठेवलं ते आजतागायत कबूल केलेलं नाही.

ते होतं स्क्रम्पी, म्हणजे इथलं गावठी, कडक सायडर. सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एका पाइंटात जवळपास चार युनिट (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल). इथली सरकारी सूचना आहे आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त नको, मी एका संध्याकाळीच जवळजवळ सगळा कोटा संपवला होता. आपल्याच ब्रिस्टलच्या क्लिफ्टन भागात कॉरोनेशन टॅप म्हणून जुना पब आहे, तिथं त्यांचं एक्झिबिशन नावाचं स्ट्राँग सायडर फक्त हाफमध्येच मिळतं, पाइंट मागितला तरी देत नाहीत. इथले लोक जन्मापासून सायडर पितात आणि तेच जर हाफ घेत असतील तर आपण कोण?

सायडरचं थोडं खोलात सांगतो कारण मला स्वतःला यात फार रस आहे. खायची सफरचंदं वेगळी आणि सायडरची वेगळी. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल ही इथल्या शेजारच्या सॉमरसेटकडच्या सायडरच्या सफरचंदांची नावं. यातलं एखादं कच्चं चावून बघा, चहाची पत्ती चघळल्यासारखं तोंड आवळतं, पण त्या तुरटपणामुळंच सायडरला अंग येतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर फळं गोळा करतात, किसून दाबून रस काढतात, हिवाळाभर आंबत ठेवतात. उलट पूर्वेकडे केंट, सफोक भागात खायच्या किंवा शिजवायच्या सफरचंदांचं करतात, ते हलकं, जरा वाइनसारखं लागतं. तिकडचं ॲस्पल नावाचं सायडर १७२८ पासूनचं आहे. हेरफर्डशायर, ग्लॉस्टरशायर, वूस्टरशायरमध्ये नाशपातीचंही करतात, त्याला पेरी म्हणतात, मिळाली तर सोडू नका. पूर्वी शेतावरच्या मजुरांना मजुरीचा काही भाग सायडरमध्येच द्यायचे, ते शेवटी १८८७ च्या कायद्यानं बंद झालं.

सुपरमार्केटमधल्या स्वस्त कॅनवर मात्र जाऊ नका. इथल्या नियमानं सायडरमध्ये ३५ टक्के रस असला तरी पुरतं, बाकी पाणी, साखर वगैरे. स्ट्रॉबेरी-लाइमवालं गुलाबी सरबत तर, असो. सुरुवातीला थॅचर्स गोल्ड घ्या, सँडफर्ड गावचं, इथून जवळच, सौम्य आहे. मग हळूहळू फार्मवर जाऊन टाकीतलं चाखायला लागा, बरोबर चेडर चीज, तेही मूळचं इथल्याच चेडर गावचं.

बिअरवाल्यांसाठी थोडक्यात. हाताच्या दांड्यानं ओढून देतात ती कास्क एल, पिंपातच शेवटचं आंबते, ११ ते १३ डिग्रीला देतात. "गरम बिअर" म्हणून आपली पोरं नाक मुरडतात, पण बर्फगार बिअरला चवच कळत नाही हे मला इथं येऊन कळलं. ही बिअर टिकली ती १९७१ मध्ये सुरू झालेल्या कॅमरा या ग्राहकांच्या संघटनेमुळं, तेव्हा मोठ्या कंपन्या सगळीकडे गॅसवाली केग बिअर घुसवत होत्या. ब्रिस्टलजवळचं बुटकूम घ्या, माझं पहिलं प्रेम. उत्तरेत यॉर्कशायरकडे गेलात तर ग्लासवर जाड फेस दिसेल, तिकडं नळाला जाळीचं तोंड लावतात. आणि आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, त्यातला आय म्हणजे इंडियाच, पण बिअर इंग्लंडची, जहाजानं कलकत्ता-मुंबईच्या गोऱ्या साहेबांसाठी यायची, त्यात आपला वाटा फक्त नावापुरता.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा. पुष्कळ कास्क एल नितळ करायला माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून वापरतात. गिनेसनं ते काही वर्षांपूर्वी सोडलं, बऱ्याच नवीन ब्रुअरी वापरत नाहीत, म्हणून सरळ "ही व्हीगन आहे का" विचारा, काउंटरवाले न चिडता सांगतात. चखणा म्हणून मसाला पापड मिळणार नाही, शेंगदाणे आणि क्रिस्प्स, म्हणजे आपले बटाट्याचे वेफर्स. पोर्क स्क्रॅचिंग म्हणजे डुकराची तळलेली कातडी, पाकीट बघून कुरकुरे समजू नका, आणि काही ठिकाणी चिप्स, म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज, बीफच्या चरबीत तळतात, तेही विचारून घ्या.

गाडी असेल तर काहीच घेऊ नका. इंग्लंडची मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल, आपल्याकडे कायद्यात ३० आहे, त्यामुळं "इथं एक पाइंट चालतो" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दोषी ठरलात तर किमान बारा महिने लायसन्स जातं आणि व्हिसाच्या फॉर्मवर ते लिहावं लागतं.

आणि जानेवारीत वॉसेलला नक्की या. १७ जानेवारीच्या आसपास, म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या हिशेबानं ख्रिसमसनंतरची बारावी रात्र, सॉमरसेटच्या सफरचंदाच्या बागांत लोक जमतात, सगळ्यात जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट फांद्यांना अडकवतात आणि वाईट शक्ती पळाव्यात म्हणून बंदुकीचे बार काढतात, भांडी बडवतात. गेल्या वर्षी आई इकडे होती, तिला नेलं. तिनं सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "झाडाची दृष्ट काढतायत का रे?" मी म्हटलं, तसंच समज. मग तिनंही एक टोस्ट मागून घेतला आणि फांदीला लावला, हात मात्र सायडरचा म्हणून लगेच रुमालाला पुसला. गमबूट आणा, बागेत घोट्याएवढा चिखल असतो, आणि लिफ्ट हवी असेल तर आधी सांगा, त्या रात्री मी गाडी चालवतो आणि गरम ॲपल ज्यूसवर असतो.